आखूड धरलेली रॅकेट

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी टेनिसबद्दल बोलायला मला तुमच्याशिवाय कुणी सापडलेलं नाही. घरात सगळे क्रिकेटवाले. काल दुपारी टीव्हीवर मॅच लागली होती. एक पोरगी जाळीपाशी धावत आली आणि चेंडू जमिनीला टेकू न देता तिने असा काही अलगद पलीकडे ठेवला की माझ्या तोंडून मोठ्याने "वा!" निघून गेलं. सून स्वयंपाकघरातून धावत आली, सासूला काय झालं म्हणून. काही नाही, म्हटलं. तिला काय सांगणार? की कारध्याला आमच्या घरामागे, धानाच्या बांधीला लागून, टेनिसचं कोर्ट होतं आणि ते आम्ही दर आठवड्याला शेणाने सारवत होतो? सांगितलं असतं तर ती हसली असती, आणि तिचं काही चुकलं नसतं.

भंडाऱ्याच्या शाळेत तुम्ही पीटीचे मास्तर. आयुष्यभर कबड्डी आणि खोखो शिकवलेला माणूस टेनिसच्या नादी लागला तो एका साहेबाची बदली झाली म्हणून. जाताना तो दोन रॅकेटी आणि एक जुनी जाळी शाळेला देऊन गेला. हेडमास्तर म्हणाले, आपल्याकडे हे कोण खेळणार, घेऊन जा घरी. तुम्ही सायकलच्या दांडीला जाळी बांधून पूल ओलांडून घरी आलात, तेव्हा आईला वाटलं मासे धरायचं जाळं आणलं. कोर्ट कसं करतात ते कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी आईचा भाऊ, करडी गावचा मामा आला. धान निघालं की खळं करण्यात त्याचा हातखंडा. तो म्हणाला, "भाटवा, तुमचा खेळ मले समजत नाही. पन खळं म्हनसान तं असं करून देतो का दाना इकडचा तिकडं जानार नाही." त्याने माती भिजवली, चोपली, पुन्हा भिजवली, वर शेणाचा पातळ हात दिला. दिसायला आरशासारखं. आई दारात उभी राहून म्हणायची, "अंगण सारव म्हनलं तं पोरीची कंबर दुखते, अन् हे एवढं मैदान सारवाले बापलेक सकाऊनच हजर!"

पण खळ्यावर दाणा उसळू नये अशीच जमीन करतात, बाबा. आपल्या कोर्टावर चेंडू पडला की कधी सरपटत जायचा, कधी जागीच बसायचा. महिनाभर तुम्ही त्याच्याशी झटापट केलीत. मग एका सकाळी चेंडू हातात घेऊन म्हणालात, "ह्या जमिनीचा भरवसा नाही, बाई. तं आपुन चेंडूले जमिनीले लागूच द्याचं नाही." आमच्या घरात व्हॉली आली ती अशी. नाइलाजाने आली आणि घर करून बसली.

तेव्हा मला तेरावं लागलं होतं आणि मोठे काका दर सणाला एखादं स्थळ घेऊन यायचे. तुम्ही त्यांच्यासमोर, पाटावर बसल्या बसल्या, जे बोललात ते मला शब्दन् शब्द आठवतं. "माही पोरगी विद्यापीठाकून खेळन. रेल्वेवाले खेळाडूले नोकरी देतेत. नोकरी लागू द्या, मंग लगनाचं तिचं तिनं ठरवावं. तोपरेंत ह्या घरात कोनी तो विषय काढाचा नाही." काका हसले. आई भात वाढता वाढता थांबली. मी दाराआड होते. माझं सगळं आयुष्य त्या दोन रॅकेटींवर ठेवलेलं आहे, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. भीती नाही वाटली. उलट पायांत बळ आलं.

आणि मग नागपूरची ती थंडी. मोठी स्पर्धा होती, बाहेरदेशचे खेळाडू येणार म्हणून पेपरात आलं होतं. तुम्ही शाळेतून रजा काढलीत. अंधार असतानाच सायकलवर डबलसीट वरठीला, स्टेशनबाहेरच्या चहावाल्याकडे सायकल लावायची, आणि पॅसेंजर. मॅची दुपारनंतर असायच्या, त्या पाहत बसलो तर परतीची गाडी जायची. पण सकाळचा सराव कुणीही पाहावा. तुम्हाला तेच हवं होतं. गाडीत शेजारच्याला तुम्ही समजावून सांगत होतात, "मॅचमंधी मानूस हाराच्या भीतीनं खेळते. शिकाचं असन तं सराव पाहाव. सरावात मानूस खरा असते." तो बिचारा संत्र्याचा व्यापारी, मान डोलवत होता.

तारेच्या कुंपणाला नाक लावून आपण उभे आहोत. आत एक उंच, उन्हाने लाल झालेला खेळाडू जाळीपासून दोन पावलांवर उभा आहे आणि पलीकडून त्याचा गुरू चेंडूमागून चेंडू मारतो आहे. तो काही करतच नाही असं वाटतं. हात मागे नेत नाही, जोर लावत नाही. चेंडू यायच्या आधी जरासा उडी मारल्यासारखा दोन्ही पायांवर येतो, मग एक पाऊल पुढे, आणि रॅकेट चेंडूच्या वाटेत ठेवून देतो. टप्प्, टप्प्, इतकाच आवाज. तुम्ही कुजबुजत आहात, आणि तुमची कुजबुज कबड्डीच्या मैदानावरची, म्हणजे चार माणसं वळून पाहतील अशी. "मनगट पाह्य त्याचं. हाल्ते का? रॅकेटीचं डोकं मनगटाच्या वरतं हाये, पाह्यलं? चेंडू आंगापुढं घेते, बाजूले नाही." हे सगळं तुम्ही बरोबर पाहिलंत, बाबा. आज टीव्हीवरचे लोक इंग्रजीत जे सांगतात तेच तुम्ही तिथे तारेला टेकून सांगत होतात. आणि मग तुम्ही म्हणालात, "अन् मूठ पाह्य. दांड्याच्या टोकाले नाही धरत तो. पार गळ्याशी धरते."

खरंच धरत होता. रॅकेटीच्या जाळीच्या जरा खाली, दांडा अर्धाअधिक मुठीखाली मोकळा. आपण जितक्या सकाळी गेलो तितक्या सकाळी तो तसाच खेळला. मी विचारलंही होतं, असं का? तुम्ही जरा विचार केलात आणि तुमचा चेहरा उजळला. "तुही माय सूप कशी धरते? सुपाले दांडा असते का? हाताजवळ अस्ते म्हनून तं दाना बरोबर झेलते." मला ते इतकं पटलं की पुन्हा कधी शंका आली नाही. पटण्यासारखंच होतं.

त्यानंतरचा काळ माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा. पावसाळ्यात कोर्टाचा चिखल झाला तरी आपलं काही अडायचं नाही, व्हॉलीला जमीन लागतच नाही. पडवीत तुम्ही एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, बाहेर बेडकांचा गलका, आणि चेंडू मध्ये कुठेही न पडता जातो आहे, येतो आहे. मूठ गळ्याशी. कधी हात चुकून खाली सरकला की तुम्ही ओरडायचात, "सूप, बाई, सूप!" आई आतून म्हणायची, "माह्या सुपाचं नाव घेता तं जरा पाखडूही लागा." जिल्ह्यात मी सगळ्यांना हरवलं. सगळ्या म्हणजे तिघी-चौघी. वासरात लंगडी गाय शहाणी. पण तुम्ही पेढे वाटलेत, आणि काका त्या दिवाळीला स्थळ न घेता आले.

कॉलेजात गेल्यावर विद्यापीठाच्या संघाची निवड नागपूरला होती. समोर तिथलीच एक मुलगी, पांढराशुभ्र स्कर्ट, शांत डोळे. सुरुवातीला मी जाळीवर गेले आणि तिचे चेंडू थोपवले, एक, दोन, तीन. तुमचा आवाज आला, "वा व बाई!" मग तिने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. त्यानंतर तिने एकही चेंडू माझ्या अंगावर मारला नाही. सगळे कडेने. कधी डावीकडून, कधी उजवीकडून, आणि माझा हात दर वेळी थोडक्यात अपुरा. कुंपणाशी तुमच्या बाजूला निवड समितीतले एक गृहस्थ उभे होते. चांगले होते ते, आवाजात कुचेष्टा नव्हती. "ही मुलगी रॅकेट इतकी आखूड का धरते? तसं तर सरावात धरतात, चेंडू नीट मधोमध लागावा म्हणून. मॅचमध्ये कुणी धरत नाही."

मी ते ऐकलं. तुम्हीही ऐकलंत. तुम्ही त्यांना विचारलंत, "मॅचमंधी नाही धरत?" त्या प्रश्नातला तुमचा आवाज मला अजून ऐकू येतो. शाळेत धडा न आलेल्या मुलाचा असतो तसा. ते म्हणाले, "नाही हो मास्तर."

बाजू बदलताना तुम्ही तारेला बोटं अडकवून उभे होतात. "खाली धर, बाई. मूठ खाली धर." मी धरली. आणि माझ्या हातात कुणा परक्याची रॅकेट आली. जड, लांब, कुठे संपते तेच कळेना. एक चेंडू लाकडावर लागला, एक पार हुकला. पुन्हा मूठ वर घेतली तर चेंडू हाताला येईना, खाली घेतली तर रॅकेट ऐकेना. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही काही सांगाल म्हणून पाहिलं. तुम्ही तारेत अडकवलेली बोटं सोडवून घेत होतात. शेवटचा चेंडू उजव्या रेषेवरून गेला. मी अंग झोकून दिलं, गुडघा फुटला. माझ्या मुठीखाली जेवढा दांडा मोकळा होता, तेवढ्याच अंतरावरून तो गेला.

परतीच्या गाडीत तुम्ही माझा गुडघा रुमालाने बांधलात आणि खिडकीकडे तोंड केलंत. वरठीहून सायकलवर निघालो. पुलावर वारा होता म्हणून की काय, मध्येच उतरलात आणि सायकल हातात धरून चालू लागलात. "माह्यामुळं झालं," एवढंच म्हणालात. मी म्हटलं, असं नका बोलू. तेही वाऱ्यावर गेलं. मग हिवाळाभर आपण दोघं ती मूठ खाली आणायच्या मागे लागलो. तुम्ही दांड्याला वरच्या बाजूने सुतळी गुंडाळलीत, हात वर सरकू नये म्हणून. संथ चेंडूला हात जागेवर राहायचा. चेंडू जोरात आला की आपसूक सुतळीवर चढायचा. तुम्ही ओरडत नव्हतात आता. नुसते पाहायचात, आणि चेंडू वेचायला स्वतः जायचात. ज्या हाताला तुम्ही इतक्या मायेने वळण लावलंत, त्याचं वळण तुम्हालाही मोडता येईना, मलाही येईना.

होळीला काका आले. स्थळ तुमसरचं होतं, भातगिरणीत मुनीम, माणसं चांगली. बोलायला तुमच्याजवळ एकच गोष्ट होती आणि ती गेली होती. मी पाणी द्यायला आले तेव्हा तुम्ही खाली मान घालून पाटाची कड नखाने खरवडत होतात. उन्हाळ्यात माझं लग्न झालं. नवरा खरोखरच भला निघाला, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. कोर्ट त्या पावसाळ्यात कुणी सारवलं नाही.

मग तुमचं पोटाचं दुखणं. मी तुमसरहून यायची, तुम्ही भंडाऱ्याच्या दवाखान्यात दिवसेंदिवस खाटेत बुडत चाललेले. एका दुपारी आई भात आणायला घरी गेली होती. तुम्ही पंख्याकडे पाहत विचारलंत, "काय व बाई, मूठ खाली राह्यली अस्ती तं भेटला अस्ता का तो चेंडू?"

कोणता, असं मला विचारावं लागलं नाही. भेटला असता म्हणावं, तर सगळा दोष तुमच्या उशाशी नेऊन ठेवल्यासारखं. नसता भेटला म्हणावं, तर तुमची पोरगी मुळात तेवढ्याच ताकदीची होती असं होतं, आणि तुम्ही तर तिच्यावर पैज लावून सगळ्या घराशी भांडला होतात. तुमच्या पायांवर पांघरूण ओढत मी तिसरंच काहीतरी बोलले. "जाऊ द्या ना, बाबा. मले कोठं एवढी हौस होती? तुमची हौस म्हनून खेळत होती मी."

मला वाटलं, ओझं उतरेल. तुम्ही पंख्यावरची नजर माझ्याकडे वळवलीत. "अस्सं?" म्हणालात. मग, "मले वाटे तुलेबी आवडते." आणि पाणी मागितलंत. मी पेला लावला तर थोडं प्यालात, बाकीचं हनुवटीवरून सांडलं. ते पुसताना मला खूप काही बोलायचं होतं, तेवढ्यात आई डबा घेऊन आली, भात गरम आहे तोवर खा म्हणाली, आणि तुम्ही माझ्याकडे न पाहता दोन घास खाल्लेत. तो विषय पुन्हा निघाला नाही. काढायला हवा होता की नको, हे मला आजही ठरवता येत नाही.

हे तुम्हाला कुठे पाठवू? लिहून उशीखाली ठेवीन आणि सून गादी झाडायच्या आधी फाडून टाकीन. पण लिहितेच आहे तर एवढं लिहिते. मलाही आवडत होतं, बाबा. तुमच्यापेक्षा जास्त आवडत होतं. तो चेंडू मला हवा होता.