काचेला चिकटलेला गाल

प्रिय शाई,

मी खिडकीचा पडदा सरकवला आणि तुझ्या आईची भुवई हलली, त्या क्षणी माझं सगळं बदललं. हसू नकोस. मीही आधी हसलोच. झोपेतून उठलेल्या माणसाला काय, भिंतही हलताना दिसते. पण मी जवळ गेलो, नाक काचेला टेकवलं, आणि भुवई परत हलली. भुवई नव्हतीच ती. चंदेरी रंगाचा, तांदळाच्या दाण्याएवढा, शेपटीला तीन केस फुटलेला एक किडा भुवईवरून उतरून कानामागे गेला. चित्राच्या काचेच्या आत. मी बाहेरून टिचकी मारली तर तो थांबला, माझ्याकडे बघितल्यासारखं केलं आणि सावकाश चौकटीच्या कडेखाली शिरला. बिऱ्हाड तिथेच असल्यासारखा. भर वर्गात स्टूल उचलणारा मी, आणि एका किड्यापुढे मला खाली बसावं लागलं.

तू म्हणशील, काढायचं उघडून, मारायचा, परत लावायचं. तेच तर करता येत नाही, आणि का ते तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. तुझ्या अप्पांनी आईचा चेहरा लाकडात कोरला, ती गेल्यानंतर, नुसत्या आठवणीवर. ठसा कागदावर उमटला आणि दाबाखाली लाकूड मधोमध तडकलं. एकच कागद निघाला. तो त्यांनी स्वतः चौकटीत बसवला, मागून खाकी कागद खळीनं चिकटवला आणि सांध्यावर शाईत बुडवलेला अंगठा उठवला. 'हा माझा शेवटचा ठसा' असं म्हणून हसले होते म्हणे. ते गेल्यावर त्या अंगठ्यावरून हात फिरवताना मी तुला पाहिलंय. चित्र माझ्या हातात देताना तू मला समोरून नव्हे, मागून धरायला लावलंस. काहीही झालं तरी मागचं फाडायचं नाही, म्हणालीस. मी मान डोलावली. तेव्हा तू सांगितलं असतंस तर मी छपरावरून उडीही मारली असती. मान डोलावणं त्या मानानं सोपं होतं.

तुझ्या हॉस्टेलच्या भिंतींना ओल होती, आमच्या कोरड्या होत्या, म्हणून चित्र माझ्याकडे आलं. एवढंच कारण होतं हे मला कळतं. कॉलेजात त्या सरांनी अप्पांच्या कामाला 'कॅलेंडरछाप' म्हटल्यावर मी त्यांच्यावर स्टूल उचललं, त्यानंतर तू माझ्याकडे दुसरं काही ठेवलंच नसतंस. तेव्हा तू जे बोललीस ते मला अजून तसंच्या तसं ऐकू येतं. 'माझ्या अप्पांसाठी भांडायला तुला कुणी सांगितलं होतं रे? ते असते तर हसून चहा पाजला असता त्या माणसाला.' मी कॉलेज सोडलं ते काढून टाकायच्या आधी, तेवढीच अब्रू. आणि तू गावच सोडलंस. जाताना म्हणालीस, स्वतःचं घर झालं की न्यायला येईन, तोवर फोन नको, भेट नको. मी हो म्हटलं. शाई, किडा दिसेपर्यंत मी पाळलेली ती एकच गोष्ट आहे.

म्हणून मी चित्र सांभाळत बसलो. आमच्याकडे त्याला सगळे फोटो म्हणतात. मी प्रत्येकाला सांगतो, फोटो नाही, ठसा. बाबा म्हणतात, ठसा तर ठसा, पण हा ठसा कामाला कधी जाणार आहे? आधी ते पुढच्या खोलीत लावलं तर दुपारचं ऊन तिरकं येऊन चित्रातल्या शालीच्या निळ्यावर पडायचं. तो निळा अप्पांनी घोटून केलेला, डिंक घालून. उन्हानं तो रोज थोडा थोडा पिऊन टाकला असता. स्वयंपाकघराकडच्या भिंतीवर फोडणीचा धूर. पॅसेजमध्ये मागे न्हाणीघर. शेवटी माझ्या खोलीतल्या आतल्या भिंतीवर, बिछान्यासमोर लावलं. मागे हवा खेळावी म्हणून बाटलीच्या बुचाचे काप कोपऱ्यांना लावले. काचेवर थेट फवारा कधी मारला नाही, पाणी कडेनं आत उतरतं, कोरड्या मऊ फडक्यानंच पुसलं. ताई म्हणायची, स्वतःचं तोंड धुवायला कंटाळा आणि दुसऱ्याच्या आईचं तोंड रोज पुसतोस. पुसायचो. त्यात वाईट काय आहे?

पण एवढं करूनही आत किडा होताच, आणि आता त्याचं काय करायचं हे कळेना. त्याला हवी होती खळ. कागद चिकटवायला वापरलेली ती पिठाची खळ त्याचं अन्न, म्हणजे अप्पांनी आपल्या हातानं त्याचं ताट वाढून ठेवलेलं. न उघडावं तर तो कडेपासून खात खात आत येणार. उघडावं तर अंगठा मधोमध फाटणार. मी तुला एकदा फोन लावला. कट झाला. ताईच्या फोनवरून लावला, तू 'हॅलो' म्हणालीस, मी 'ऐक' म्हटलं आणि तू ठेवून दिलास. तुझी चूक नाही. माझ्या तोंडच्या 'ऐक'नंतर भलं काही पुढे आल्याचं तुला आठवत नसणार.

त्या दिवशी मी घरभर नुसता 'कसर लागली, कसर' करत फिरलो. बाबा पेपरातून म्हणाले, कसर तर तुझ्या अभ्यासातच राहिली होती, आता भिंतीवर कशाला शोधतोस. मी भडकलो, दार आपटलं, दुकानात निघून गेलो. मी हल्ली काचेच्या दुकानात काम करतो. काच कापतो, आरसे पोचवतो. तिथे दोन काचा तिरक्या कापल्या. मालक म्हणाला, आज तू फक्त झाडू मार, नाहीतर बोट जाईल.

संध्याकाळी घरी आलो तर भिंत रिकामी.

शाई, रिकामी भिंत म्हणजे काय असतं ते मला सांगता येणार नाही. धुळीचा चौकोन होता फक्त. मला वाटलं, तू येऊन गेलीस. मी नसताना बरोबर वेळ साधून आलीस आणि नेलंस. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला किड्याची आठवणही नव्हती. तेवढ्यात आई गच्चीवरून खाली उतरली, चित्र छातीशी धरून, तोंड उन्हानं लाल झालेलं. म्हणाली, 'कसर ना? मग ओरडायचं काय त्यात, ऊन दाखवलं. धान्याला दाखवतो, गाद्यांना दाखवतो, हिला का नको?' दिवसभर ती शेजारी बसून होती. कबुतरं येऊ नयेत म्हणून हातात काठी घेऊन. तुझ्या आईशी गप्पाही मारल्या म्हणे. म्हणाली, 'गरीब आहे बाई, एका शब्दानं बोलली नाही.'

मी ओरडायला तोंड उघडलं. मग मिटलं. तिच्या हातातून चित्र घेतलं आणि दिव्याखाली धरलं. निळा एका बाजूनं विटला होता, फार नाही, पण मला दिसला. ते सहन झालं असतं. पण उन्हात कागदातली ओल सुटली होती आणि गच्ची गार झाल्यावर तीच काचेवर आतून जमली होती, श्वास टाकल्यासारखी. जणू आत कुणीतरी दिवसभर श्वास घेत होतं. अप्पांनी कागद थेट काचेला टेकवून बसवलेला, मध्ये पुठ्ठ्याची पट्टीसुद्धा नाही. काचेवरचा तो घाम सुकला तेव्हा तुझ्या आईच्या डाव्या गालावर नाण्याएवढा डाग राहिला. गडद, चकचकीत, ओल्यासारखा. मी काचेचं काम करतो. मला लगेच कळलं. तो डाग नव्हता. शाईतला डिंक विरघळून गाल काचेला चिकटला होता.

आईला मी काही सांगितलं नाही. ती विचारत होती, 'गेला का रे किडा?' मी म्हटलं, गेला. किडा मात्र गेला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो हनुवटीपाशी होता.

मालकाला दाखवलं. त्यानं चष्मा कपाळावर ढकलला, नखानं काच वाजवली आणि म्हणाला, 'आण इकडे, खालून पट्टी सारतो, टरकन निघेल.' टरकन. हा शब्द त्या दिवसापासून माझ्या डोक्यात बसलाय. जेवताना ऐकू येतो. कुणी कापड फाडलं, कुणी पाकीट उघडलं, की माझा गाल आपोआप आत ओढला जातो. मालक वाईट माणूस नाही, पट्टी हातात घेऊन चौकट उलटीही केली त्यानं. मी त्याचा हात धरला. जोरात. तो माझ्याकडे बघत राहिला, कारण माझी कीर्ती त्याच्या कानावर आहे, त्याला वाटलं आता काच फुटणार. मी हात सोडला, चित्र उचललं, 'चुकलो मालक' म्हटलं आणि घरी आलो.

तेव्हापासून चित्र टेबलावर आडवं आहे, चेहरा वर, त्यावर पांढरी चादर. आडवं, म्हणजे कागदाचं वजन गालावर ओढ देणार नाही. ताई म्हणते, खोलीत शिरताना मयताच्या घरी आल्यासारखं वाटतं. बाबा आता विनोद करत नाहीत, चप्पल बाहेर काढून आत येतात, चादरीचं टोक उचलून बघतात आणि ते नीट खाली ठेवून जातात. त्यांच्या या जपण्यानं मी जास्त घाबरतो. पंखा लावत नाही. खिडकी उघडत नाही. दार हळू लावतो, मी! चादर उचलताना दर वेळी वाटतं, आज डोळा असेल की नसेल. किड्याला काय, डोळा आणि खळ सारखीच. परवा कपाळाच्या वर, केसांपाशी एक झिरझिरीत जागा दिसली, कागद तिथे साल काढल्यासारखा पातळ झालाय. चेहऱ्याला अजून लागलेला नाही. अजून.

आता हे सगळं का लिहिलं ते सांगतो. तुझ्या शहरातल्या संग्रहालयात जुने कागद दुरुस्त करणारा एक विभाग आहे. मी फोन केला. तिथल्या बाई आधी माझ्यावर डाफरल्या, हात लावू नका, ऊन नको, औषध नको, डांबराच्या गोळ्या तर नकोच, आहे तसं आडवं घेऊन या. मग नीट बोलल्या. किडा मारता येईल, खाल्लेली जागा भरता येईल. गालाचं मात्र त्या शब्द देत नाहीत. वाफेवर हळूहळू सोडवू म्हणाल्या, सुटेल किंवा अर्धा काचेवर राहील. आणि मागून उघडावंच लागेल, म्हणजे अंगठा जाईल. जमेल तेवढा वाचवू, पण अखंड राहणार नाही. नाही उघडलं तर काचेसकट ठेवायचं आणि किड्यानं किती खाल्लं ते बघत बसायचं. मी म्हटलं, उघडा. त्या म्हणाल्या, तुम्ही कोण? चित्राच्या मालकाच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्या हात लावणार नाहीत. मालकीण तू आहेस. आईचा गाल की अप्पांचा अंगठा, हे मी ठरवू शकत नाही. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गोष्टीत मध्ये पडायची माझी हिंमत नाही. तुझा पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून घेतला. तिच्यावर चिडू नकोस, तिच्या दुकानात मी खांबासारखा उभा राहिलो, गिऱ्हाइकं अडायला लागली तेव्हा तिनं दिला. हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवून मी निघून जाईन, बेल वाजवणार नाही. मग संग्रहालयाच्या बाकावर चित्र मांडीवर घेऊन बसेन, ते बंद होईपर्यंत. तू ये, नाहीतर त्यांना फोन करून हो की नाही सांग. तू आलीस तर मी बाहेर जाऊन थांबेन, समोर येणार नाही. नाही आलीस तर उद्या परत बसेन. माझ्याबद्दल काही विचारत नाहीये मी, शाई. एवढं चित्राचं ठरव. चौकट चादरीत गुंडाळून झाली आहे. आई कधीची दाराशी उभी आहे, तिला अजून वाटतंय मी तुला ते परत द्यायला चाललोय, आणि कदाचित तेच खरं असेल. आता पत्र खिशात घालतो. दोन्ही हातांनी चित्र उचलून बाहेर पडतो आणि कोपरानं, आवाज न करता, दार लावून घेतो.

तुझाच,
भडका