जखमीला पाणी

माय,

आधी घडलं तेवढंच लिहिते.

१. पहाटे भूकंपात भिंत पडली. दगडमातीची, जाड. तू कमरेपर्यंत तिच्याखाली होतीस.
२. दुपारी तुला बाहेर काढलं. तू शुद्धीवर होतीस, बोलत होतीस.
३. तू पाणी मागितलंस. दिलं नाही.
४. संध्याकाळी जीपमधून सोलापूरला नेताना तू वाटेत गेलीस.

यातलं तिसरं मला या सोमवारपर्यंत माहीत नव्हतं. बाकीचं लहानपणापासून माहीत आहे. माझं स्वतःचं म्हणावं असं त्या दिवसातलं एकच आहे: तुला बाजेवर ठेवलंय, मी दगडांमधून तुझ्याकडे येतेय आणि तू ओरडतेस, "अगं, चप्पल घाल आधी, पायाला लागंल." मी चप्पल शोधायला मागे फिरते. तेव्हा मी पाच वर्षांची होते.

मी आता नांदेडला आहे. औषधशास्त्र शिकले. एका मोठ्या दवाखान्याच्या माहिती कक्षात बसते. वॉर्डातल्या डॉक्टरांना रुग्णासमोर काही अडलं की ते मला फोन करतात आणि मी भरवशाच्या ठिकाणाहून शोधून देते. प्रश्न दोन तऱ्हांचे असतात. हा आजार म्हणजे काय, त्यात शरीराचं काय होतं, हा पार्श्वभूमीचा प्रश्न, तो आधी. या माणसाला आज काय द्यायचं, हा त्यानंतरचा. पुस्तक कोणी लिहिलं, कधी सुधारलं, पुरावा कुठून आणला हे बघायचं. एका ठिकाणी मिळालेलं दुसऱ्या ठिकाणी ताडून घ्यायचं. जे सापडलं नाही ते सापडलं नाही असंच लिहायचं. ही शेवटची अट मी कधी मोडलेली नाही.

गेल्या आठवड्यात वॉर्डातल्या नव्या डॉक्टरचा फोन आला. नायगावकडचा एक गवंडी जुनं घर पाडताना भिंतीखाली सापडला होता. पाय बराच वेळ दबलेले. हाड एकही मोडलेलं नाही, पण लघवी काळ्या चहासारखी. हा डॉक्टर माझ्यासारखाच लातूरच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासमधून बाहेर पडलेला. म्हणाला, "मॅडम, नेटवर तर पायाला मालिश करा म्हणून बी लिहिलंय."

"नेटवर कुठे?"

"पहिलंच आलं की."

"पहिलं आलं म्हणजे बरोबर, हे कुणी शिकवलं?"

"लातूरनं," तो हसला. "तुम्ही आपले चार पर्याय द्या, मी एकावर खूण करतो."

"चारही चूक असू शकतात."

"मग आमच्या सरांनी घातच केला म्हणा आमचा."

मी शोधायला बसले. पुस्तकात होतं की दबलेला स्नायू मरतो, आणि वरचं ओझं उचललं की त्यातलं सगळं रक्तात उतरतं. मूत्रपिंडं बंद पडतात. पोटॅशियम वाढून हृदय थांबू शकतं. दुसऱ्या ठिकाणी ताडायला गेले तर भूकंपात दबलेल्या लोकांसाठीच लिहिलेल्या सूचना मिळाल्या. अशा सूचना असतात हे मला माहीत नव्हतं. त्यांत लिहिलं होतं की माणूस बाहेर येतो, बोलतो, बरा वाटतो, आणि मग काही तासांत जातो. शिरेतून सलाईन शक्यतो दगड उचलायच्या आधीच सुरू करायचं. मी डॉक्टरला हे सगळं संदर्भासह पाठवलं, मालिश नको हेही लिहिलं. गवंड्याला सलाईन लागलं होतंच, पुढे डायलिसिस झालं. तो आता जेवतो.

माझं काम तिथे संपलं होतं. तरी ते पान मी दिवसभर बंद केलं नाही. आजवर प्रत्येक फॉर्मवर तुझ्या मृत्यूच्या कारणापुढे 'मार लागून' असं मी लिहीत आले आहे.

बाप असले तरी कामातलं मी अण्णांना कधी सांगत नाही. सोमवारी त्यांचा फोन आला तेव्हा गवंड्याचं सांगितलं.

"भिंतीखालून काढला अन् वाचला?"

"हाव. सलाईन मिळालं."

"सलाईन म्हंजे पानीच ना?"

"मीठ घातलेलं. शिरेतून देतात."

ते म्हणाले, "तुझ्या मायनं पानी मागितलं होतं."

त्यांनी तांब्या आणला होता. तुझ्या ओठांपर्यंत नेला होता. बाजेभोवतीचे सगळे ओरडले, "देऊ नगा, जखमीला पानी दिलं की जीव जातो!" तू म्हणालीस, "घोटभर तर मागून राहिले. दूध मागितलं का मी?" त्या गर्दीत एक-दोघं हसलेही म्हणे. आपलाच हात पुन्हा पुढे जाईल म्हणून अण्णांनी तांब्या मातीत उपडा केला. ते तुला वाचवत होते.

लातूरला क्लासच्या दोन वर्षांत ते शाळेतली शिपायाची ड्यूटी संपवून रोज गेटवर पाण्याची बाटली घेऊन उभे असायचे. मी बाहेर आले की आधी पाणी, मग बोलणं. मुली म्हणायच्या, "आला बघ तुझा टँकर." मी मान खाली घालून पिऊन टाकायचे. तहान आहे का, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

फोन ठेवताना ते म्हणाले, "तू शोधून ठेव. त्या दिवशी पानी पाजलं असतं तर ती जगली असती का? मी रविवारी येऊन राहिलो. फोनवर सांगू नको."

शोधलं. तोंडाने दिलेलं पाणी सलाईनची जागा घेत नाही. शिरेतून काहीच देता येत नसेल, माणूस शुद्धीवर असेल आणि पोटाला मार नसेल, तर तोंडाने द्यावं, असंही आहे. तुझ्या पोटाला मार होता का? लघवी झाली होती का? पोटॅशियम किती होतं? कुणी मोजलं नाही. तुझी फाईलच नाही. जे पुस्तकात आहे ते तुझ्यासारख्या पुष्कळ जणांचं आहे, तुझं नाही. तांब्याभर पाण्याने तू जगली असतीस असं मला कुठे सापडलं नाही. जगली नसतीस असंही सापडलं नाही.

अण्णांना एवढंच सांगितलं तर ते मान हलवतील, आणि मग त्यातलं 'जगली नसती असंही नाही' तेवढं घेऊन लातूरला परत जातील. मी त्यांना ओळखते. म्हणून मी एक वाक्य तयार केलंय: "अण्णा, पाण्याने काही फरक पडला नसता." आरशासमोर म्हणूनही पाहिलं. आवाज हलत नाही. पण त्या वाक्याला संदर्भ नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकता येणार नाही, हे मला कळतं. एक मात्र कबूल करते. अण्णांनी विचारलं म्हणून मी शोधलं असं वर लिहिलंय, पण शोधताना त्यांचं नाव मनात नव्हतं. मलाच तू हवी होतीस.

ते रविवारी सकाळच्या एसटीने येतील. त्यांना काय सांगू ते शनिवारपर्यंत कळव.