तुपावर घेतलेला आळ

माय, तुझी जाऊ चोर नव्हती. एवढं लिहिलं आणि हात थांबला, कारण तुझ्यासमोर मोठ्या मायची बाजू घ्यायची आपल्या घरात कोणाची छाती नव्हती. बाबांचीही नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली, मी नागपूरच्या इस्पितळात नर्स झाले, भल्याभल्यांना तोंडावर उत्तर देते, तरी तुला हे सांगताना मला अजून धाक वाटतो.

गेल्या आठवड्यात माझ्या वॉर्डात एक बाई आली. पिवळीधमक, हाडांचा सापळा, खाजवून खाजवून हात सोललेले. सकाळी तिचं शौचाचं भांडं उचललं आणि मी जागच्या जागी उभी राहिले. राखेच्या रंगाचा मळ आणि वर पाण्यावर तेलाचा तवंग. या कामात माझी किळस कधीच मेली आहे, पण त्या सकाळी ते भांडं मी उजेडात धरून पुन्हा पाहिलं. तो तवंग मी आपल्या फुलचूरच्या घरामागे पाहिला होता, आणि तो तू मला दाखवला होतास.

तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा आपली म्हैस आटली होती. मोठ्या मायची दुभती. दर बाजाराच्या दिवशी ती मुर्रीहून तुपाचं मडकं घेऊन यायची. वाळणाऱ्या माणसाला तूप द्यावं, एवढं एकच औषध सगळ्यांना पाठ. गरम भातावर ती स्वतःच्या हातानं ओतायची, भात दिसेनासा होईपर्यंत. तू खायचीस आणि तरी वाळत जायचीस. मग एक दिवस तू मला परसात बोलावतेस. भिंतीला धरून उभी आहेस, बोलायलाही दम लागतो आहे, पण रागानं डोळे चमकताहेत.

"पाह्य पोरी," तू म्हणतेस. "असली तूप अंगी लागते. हा तरंगून राहिला ना, तो टोरीचा तेल होय."

मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल थंडीत तुपासारखंच थिजतं, आणि तुपात ते मिसळणारे बाजारात होतेच. तुला तरी दुसरं काय सुचणार? मलाही पटलं. पुढच्या बाजाराला मोठी माय आली, तर तू शेजारपाजारच्या बाया जमवून बसलेली. "काऊन बाई, तुपाच्या नावानं मले टोरी पाजून राहिली का? जीव घ्याचा हाय का माहा?" असं म्हणून तू ते मडकं अंगणात उपडं केलंस. ती एवढंच म्हणाली, "माह्या हातचा तूप हाय वं. सकाळीच कढवला." तिचं कोणी ऐकलं नाही. त्या दिवसापासून मुर्रीत काय, फुलचुरात काय, तिच्या हातचं तूप कोणी घेतलं नाही. लग्नाच्या पंगतीत तिला चुलीजवळ येऊ दिलं नाही. आणि तरी ती मडकं आणतच राहिली, रस्त्यावर बाबांच्या हाती देऊन परत फिरायची. बाबा तुला सांगायचे, दुकानातून आणलं. तेही तू खाल्लंस माय, शेवटपर्यंत.

मी आमच्या डॉक्टरीणबाईंना त्या तवंगाचं विचारलं. त्या म्हणाल्या, पित्ताच्या वाटेवर कॅन्सरची गाठ बसली की पित्त आतड्यात उतरत नाही, आणि पित्ताशिवाय चरबी पचत नाही. खाल्लेलं तूप जसंच्या तसं बाहेर पडतं. इकडे शरीर आपलीच साठवलेली चरबी जाळत बसतं, ती संपली की मांस. "अशा रोग्याला तूप द्यायचंच नाही," त्या म्हणाल्या, "पोटात कळा येतात." ते तूप असली होतं. तुझ्या पोटात ते मुरलंच नाही, आणि त्यापायी एका बाईचं नाव सगळ्या गावात बुडालं.

रविवारी मी गोंदियाची गाडी धरली. लढाईवरून परतणाऱ्या शिपायांनी डबा भरलेला, उभ्यानंच गेले. मोठी माय ओसरीत तांदूळ पाखडत होती. नजर अधू झाली आहे, आवाजावरून ओळखलं तिनं. मी सगळं सांगितलं, पित्त, गाठ, सगळं. वाटलं, रडेल, नाहीतर तुला दोन शिव्या घालेल, आणि तिला तो हक्क होता. तिनं सूप खाली ठेवलं. मग विचारलं, "मंग म्या देलेल्या तुपानं तिचा पोट दुखे का वं?"

मी तिची निर्दोष सुटका करायला गेले होते, आणि हे काय होऊन बसलं ते मला त्या क्षणी कळलं.

"नाही मोठी माय," मी म्हटलं. "तुपानं तिले बरा वाटे."

तिनं मान हलवली आणि पुन्हा सूप उचललं. मी पाणी पिऊन निघाले.

खोटं बोलले मी, माय. भात खाऊन झाला की तू पोटाशी गुडघे घेऊन कण्हायचीस, ते मी रोज बघत होते. मोठी माय आता थकली आहे, आज ना उद्या तुझ्याकडे येईल. आली की आधी तिच्या पाया पड. पण पोट किती दुखायचं, ते तेवढं तिला सांगू नकोस.