बाकी बरोबर आहे

सोलापूर
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय शिवराज,

तू बरा असशील. आईंची तब्येत ठीक आहे. गुडघ्याला लावायचं तेल बदललं, त्यानं फरक पडला म्हणतात. पिंकीताईंनी तुझ्या धाकट्या भाच्याला बालवाडीत घातलं, तो रोज डबा न खाता परत आणतो. इथे थंडी संपली. दुपारी पंखा लावावा लागतो.

तुझा ई-मेल येऊन तेवीस दिवस झाले. काल सात रस्त्याला जाऊन तुझ्या वकिलांकडून घटस्फोटाचे कागद आणले. आधी माझी सही, मग ते कुरियरनं तुझ्याकडे येणार आणि तू सही करणार, असं त्यांनी सांगितलं. पाकिटात जागा आहे, म्हणून हे पत्र.

आधी ई-मेलबद्दल. तो मी कंपनीतून घरी येताना, बसमध्ये वाचला. इंग्रजीत होता. सवयीनं मी पहिल्यांदा फक्त आर्टिकल्स बघत गेले. कुठे 'अ' हवा, कुठे 'द' हवा, कुठे काहीच नको. एकही चूक नव्हती. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, चिंचोळीपासून बाळे येईपर्यंत. मग दुसऱ्यांदा वाचला, तेव्हा तू काय लिहिलं आहेस ते कळलं.

तुझं म्हणणं असं की आपण आता एकमेकांना फक्त माहिती देतो. हे खरं आहे. तिथे कुणी आहे का, हे तू लिहिलं नाहीस. मी विचारणार नाही.

आपण शिकायला बसायचो ते दिवस मला नीट आठवतात. परदेशी जाण्यासाठीची तुझी इंग्रजीची परीक्षा दोनदा लेखनात अर्ध्या गुणानं गेली होती, आणि दोन्ही वेळा कारण तेच. तुझी वाक्यं चांगली असायची, पण त्यात आर्टिकल्स मीठ टाकल्यासारखी, हाताला येईल तशी. मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलं होतं: ऐकणाऱ्याला अजून माहीत नसलेला कुणी एक असेल तर 'अ', कुणाबद्दल बोलतोय हे दोघांनाही ठाऊक असेल तर 'द'. तू ते वाचलंस आणि म्हणालास, "म्हणजे पेशंट दारात आला की 'अ', आणि केसपेपर निघाला की 'द'." मी चार ओळींत जे सांगत होते ते तू एका ओळीत सांगितलंस. मी तेव्हा "हो" एवढंच म्हटलं. "छान" म्हणायला हवं होतं.

आणखी एकदा तू विचारलंस, "सूर्य एकच म्हणून 'द सन'. मग बायको पण एकच असती की. 'द वाइफ' का म्हणायचं न्हाय?"

"तिथे 'माय' लावतात."

"हां. मग तेच लावतो," म्हणून तू हसलास. आई लसूण सोलत होत्या. "एवढूसं अक्षर, आन त्याच्यापायी दोघं रोज भांडत्यात. आमच्या येळंला म्हशीवरनं भांडनं व्हायची."

वही तपासायची माझी पद्धत तुला माहीत आहे. कंपनीत आमच्या तपासणी खात्यात नियम आहे, तपासणाऱ्यानं दुरुस्ती करायची नाही. दोष दिसला की चॉकनं गोल करायचा आणि भाग परत पाठवायचा. दुरुस्त करणारा वेगळा. तोच नियम मी तुझ्या वहीला लावला. चूक असेल तिथे लाल गोल, बरोबर काय ते लिहायचं नाही. ते तू शोधायचंस. कामात हा नियम योग्य आहे.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते.

जानेवारी २०२४ मधला रविवार होता. सरावाचा विषय होता मित्राला पत्र: घेतलेला एखादा निर्णय बदलावासा वाटतो, त्याबद्दल. तू नेहमी वीस मिनिटांत संपवायचास. त्या दिवशी पाऊण तास लागला. ती वही माझ्याकडे आहे. तू इंग्रजीत लिहिलं होतंस त्याचा अर्थ असा:

मित्रा, मी दवाखान्यात नर्स आहे आणि परदेशी जाण्याची तयारी करतो आहे. माझी बायको मला रोज शिकवते. इथे राहून मला शिकवता यावं म्हणून तिनं पुण्याची नोकरी सोडली, त्यामुळे आता माघार घ्यायची मला लाज वाटते. पण मला जायचं नाही. ती एखाद्या दिवशी "राहू दे" म्हणेल म्हणून मी वाट बघतो. ती म्हणाली तर मी त्याच दिवशी अर्ज मागे घेईन.

मी नऊ गोल केले. खाली लिहिलं, "विषयाला धरून आहे. आर्टिकल्स नऊ ठिकाणी चुकली." तू वही घेतलीस, खिडकीपाशी बसलास, नऊच्या नऊ जागा दुरुस्त केल्यास आणि वही पुन्हा माझ्यापुढे ठेवलीस. मी टिक केली. तरी तू उठला नाहीस.

"आणि बाकी?" तू विचारलंस.

"बाकी बरोबर आहे," मी म्हणाले.

मला वाटतं, गेली दोन वर्षं तू असं धरून चाललास की मी त्या पत्राकडे फक्त व्याकरण म्हणून बघितलं. तुझ्या ई-मेलच्या बाबतीत ते झालं, त्या पत्राच्या बाबतीत नाही. ते मला पहिल्याच वाचनात कळलं होतं. लाल पेन उचलायच्या आधी कळलं होतं. गोल नंतर केले, कारण हाताला काहीतरी करायला हवं होतं.

मी हिशोबी विचार केला. मी "राहू दे" म्हटलं, तू राहिलास, आणि पुढे कधी तुला पस्तावा झाला, तर त्याचं कारण मी असणार. माझ्यामुळे कुणाचं काही अडलं हे मला सहन होत नाही. म्हणून तुला जाऊ दिलं आणि त्याला पाठिंबा असं नाव दिलं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मीही करून घेतलं.

नंतर तिथून तू मला बोलावून घ्यायला, व्हिसासाठी, माझे कागद चार वेळा मागितलेस. मी चारही वेळा ऑडिट आहे म्हणून सांगितलं. ऑडिट एकदाच होतं. तू बोलावतो आहेस ते मनापासून की कर्तव्य म्हणून, हे मला तपासता येत नव्हतं. विचारता आलं असतं. मी विचारलं नाही.

काल रात्रीचं जेवण झाल्यावर आईंना सांगितलं. तू पिंकीताईंना कळवलं असशील, त्यांच्याकडून आईंना ऐकायला मिळू नये असं वाटलं. त्या बराच वेळ ताटातलं खरकटं बोटानं गोळा करत राहिल्या.

"आन तू काय म्हनलीस त्याला?"

"काही नाही."

"काईच न्हाय?"

"त्यानं ठरवलंय, आई."

"त्यानं ठरिवलं, व्हय. त्यो गेला तवाबी तू अशीच हुबी व्हतीस, दाराला टेकून. तोंडात काय गुळणी धरलीस का गं? माजं पोरगं चुकलं आसंल, मी न्हाय म्हनत न्हाय. पर त्याला घरातनं कुनी हाक तर मारायची!"

मग त्या रडल्या. मी ताटं उचलली, घासली, ओटा पुसला. त्यांच्याजवळ जाऊन बसायला मला अर्धा तास लागला. बसल्यावर त्यांनी माझा हात मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "तू हितंच ऱ्हायचं. सही कर न्हाय तर नको करू, मला त्यातलं कळत न्हाय."

कागदांवर मी आज सकाळी सही केली आहे, वकिलांनी खुणा केलेल्या दोन्ही ठिकाणी. तुझ्यावर उपकार म्हणून नाही आणि रागानंही नाही. तू स्पष्ट विचारलंस, स्पष्ट विचारलेल्याचं उत्तर द्यायला हवं. तू पूर्वी एकदा आडून विचारलं होतंस, त्याचं उत्तर मात्र राहिलं आहे. आता त्याचा उपयोग नाही, हे मला कळतं. तुझं आयुष्य तिथे मार्गी लागलं आहे, आणि हे वाचून तू काही बदलावंस अशी अपेक्षा ठेवण्याचा हक्क मी गमावला आहे. तरी ते तुझं आहे, म्हणून पाठवते.

शिवराज, राहू दे. जाऊ नकोस. मला तू इथे हवा आहेस.

उशीर केलेली,
आरोही