एका मताने

प्रिय सेव्हिम,

निकाल लागल्यापासून तू रोज एकच विचारतेस, "हेडी, कोणाला नको होते गं मी?" आणि मी धुतलेले कप पुन्हा धुवायला घेते.

राष्ट्रदिनी राजधानीत, वाडुझच्या किल्ल्याजवळ, राजा त्या दिवशी सगळ्यांना पाजतो ती बिअर पिताना तू म्हणाली होतीस, "माझ्या नागरिकत्वाला संसद हो म्हणेल, राजाही सही करेल. त्याआधी तुमचं गाव मत देणार ना, त्याची धास्ती वाटते." मी हसले. इतकी वर्षं इथे राबलीस, तुला कोण नाही म्हणणार? शिवाय मतमोजणीला मीच बसणार होते.

नागरिकत्वाचा अर्ज एका मताने पडला. तेव्हापासून तू बेकरीवाल्या गेबहार्डशी बोलत नाहीस, तो तुझ्या बोलण्याची नक्कल करायचा म्हणून. त्या बिचाऱ्यावर राग धरू नकोस.

माझी आई किती खाष्ट आहे, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक! माझ्या हातचं मक्याचं रिबेल तिच्या घशाखाली उतरत नाही. अंघोळ तर तुझ्याच हातची लागते. मतपत्रिका घरी आल्या त्या दिवशी मी तिला चिडवलं, "सेव्हिम एकदा इथली झाली की तिला मिळेल कचेरीत नोकरी. मग तुझी पाठ कोण चोळणार? बस बोंबलत!" लिफाफा तिने स्वतः चिकटवला, पेटीत मी टाकला.

मोजताना ते थरथरत्या हाताचं, वाकडंतिकडं 'नाही' माझ्यासमोर आलं. आईचं अक्षर मी ओळखणार नाही का? गुप्ततेची शपथ होती. कागद मुकाट्याने नकाराच्या गठ्ठ्यावर ठेवला. त्याच संध्याकाळी तू डोळे पुसत आलीस आणि तिला न्हाऊ घातलंस. मी टॉवेल धरून दारात उभी. सेव्हिम, मला माझी लाज वाटते. तू गेल्यावर आईला जाब विचारला, तर म्हणते, "ती गेली असती गं. मग मी काय केलं असतं?" तिच्या डोक्यात ते भरवलं कोणी? मीच ना!

काल तू म्हणालीस, पुन्हा अर्ज नाही, सामान बांधून बहिणीकडे जाते. म्हणून शपथ मोडून हे लिहितेय. जिने तुला नको म्हटलं, तिचा तुझ्यावाचून एक दिवस निघत नाही. उद्या सकाळी आमच्याकडे येऊ नकोस. आईला मी न्हाऊ घालीन, ओरडली तर ओरडू दे. तू कचेरीत जा, नवा अर्ज दे. परतताना आमच्या दाराशी थांबायचं की नाही, ते तू ठरव. त्यावर गावाचं मत कोणी घेणार नाही.

तुझीच, तोंड लपवून बसलेली,
हेडी