कापराचा वास

१२ एप्रिल २०१६, मंगळवार
मीनलने अमेरिकेहून धाडलेली बाटली तिची मैत्रीण देऊन गेली. बर्बन, तिकडची मक्याची व्हिस्की. चार ठिकाणच्या पिंपांचं मिश्रण, एकशे सोळा प्रूफ, म्हणजे अठ्ठावन्न टक्के. सोबत लेकीची ओळ : बाबा, जन्मभर कंपनीची चाखलीत, आता स्वतःची चाखा.
अठ्ठावीस वर्षं वाळूजच्या दारूच्या कारखान्यात नाकावर पगार घेतला आणि घरात व्हिस्कीचा एक धड ग्लास नाही. सुधा असती तर म्हणाली असती, देवघरापासून लांब ठेवा. ठेवली लांब. तिला जाऊन दोन वर्षं झाली, ऐकणं चालूच आहे.

१३ एप्रिल
सकाळी अकरा. आमची कारखान्यातली वेळ, तेव्हा नाक ताजं असतं. आंघोळ बिनसाबणाची. निमुळता ग्लास नाही म्हणून सुधाची छोटी फुलदाणी घासून घेतली.
नुसती हुंगली तर चटका. डोळ्यांत पाणी. इतकी तेज दारू पाणी घातल्याशिवाय उघडत नाही. थेंब थेंब घालत तिच्या मागे जावं लागतं. टँकरचं पाणी घातलं. खडूचा वास. सगळं फुकट.
नळाला पाणी येऊन आज नववा दिवस.

१५ एप्रिल
कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी बसवली, दुसरं टोक गार पाण्याच्या बादलीतून बाटलीत. टँकरच्याच पाण्याची वाफ धरून शुद्ध पाणी. दोन तासांत अर्धी वाटी. कुकरच्या तळाला पांढरा थर.
शेजारचे पवार दारात. "काका, भट्टी लावली का काय?"
म्हटलं, "पाणी करतोय."
"पाणीच भेटंना झालंय लोकायला, अन् तुम्ही करताय व्हय?" हसत गेले. आता सगळ्या बिल्डिंगला कळलं असेल. कळो. दिवसभरात माझ्याशी बोललेला माणूस तेवढाच.

१६ एप्रिल
शुद्ध पाणी, बारा थेंब. उघडली! व्हॅनिला, जळकं लाकूड, मागून दालचिनी. खुशीत वहीत लिहिलं. मग लेबल पाहिलं. तेच तीन शब्द तिथं छापलेले.
मी हुंगलं की वाचलं?
बाटली पाण्यात बुडवून लेबल सोलून काढलं. दुष्काळात बादलीभर पाणी. तेच संडासाला वापरलं.

१७ एप्रिल
आज बिनलेबलाची. भाजलेलं मक्याचं कणीस. थोड्या वेळाने काकवी. घोट घेतल्यावर जिभेच्या कडांना लवंग, आणि गिळून झाल्यावर बराच वेळ छातीत ऊब. ही माझी स्वतःची. निदान वाटतंय तरी.
सांगणार कुणाला? आमच्याकडे एका नाकाचा शेरा धरत नसत. देशमुख आणि मी, दोघं एकाच खोलीत पाठीला पाठ लावून बसायचो. आपापली चिठ्ठी लिहायची, चार घड्या घालायच्या, मग दोघांनी समोरासमोर उघडायच्या. जुळल्या तर माल पुढं. नियम देशमुखचाच.
आज माझी चिठ्ठी लिहिली. घडी घातली. समोर कोण?

२० एप्रिल
लिहूनच टाकतो. इथं कोण वाचतंय.
निवृत्तीच्या आधीचं शेवटचं वर्ष. सर्दी जाऊन महिना झाला होता तरी मला वास येत नव्हता. कुणाला बोललो नाही. नाक गेलेल्या माणसाला तिथं काय काम? देशमुख चहाला उठला तेव्हा त्याची चिठ्ठी उघडली, थोडे शब्द इकडेतिकडे करून उतरवली. शेवटी त्याने लिहिलं होतं, कापरासारखं काहीतरी. मीही कापूर लिहिला.
समोरासमोर उघडल्या. तो वाचत राहिला. मग स्वतःच्या कपाळाला बोट लावलं आणि ते बोट हुंगलं. डोकं दुखत होतं म्हणून सकाळी त्याने बाम चोळला होता. कापूर त्याच्या कपाळावर होता, ग्लासात नव्हताच.
त्या दिवसापासून आजवर काही बोलला नाही. सुधाच्या वेळी आला, मागे बसला, गेला. नाक पुढं चार महिन्यांनी परत आलं. दे. नाही आला.

२४ एप्रिल
करमाडला, दे.च्या गावी गेलो. जालना रोडला एवढ्या नव्या कमानी आणि प्लॉटांच्या पाट्या की फाटा ओळखूच येईना, पुढं जाऊन परत आलो. खिशात औषधाची धुतलेली बाटली, तीत तीस मिली. दुसऱ्या बाटलीत कुकरचं पाणी. आणि एक कोरी चिठ्ठी.
दे. घरी नव्हता. सून म्हणाली, "बाबा मोसंबीच्या बागंत गेलेत, टँकर आलाय तिथं. बसा की, च्या टाकते." बसलो नाही. घाबरलो, दुसरं काय. दोन्ही बाटल्या आणि कोरी चिठ्ठी तिच्या हातात दिली. "नाव काय सांगू?" म्हटलं, बाटली हुंगली की कळेल त्यांना.

२ मे
काही नाही. बेचाळीस डिग्री. बाटली उघडली नाही, एकट्याने नको वाटतं.

९ मे
सून शेंद्र्याला कामाला आहे, आज सुट्टी होती म्हणून स्कूटीवर आली. पिशवीत आठ मोसंब्या, सुकल्यासारख्या, लहान. आणि चिठ्ठी. चार घड्या.
"बाबा म्हनले, ते येईस्तोवर उघडायची नाय. लई वेळा म्हनले."
"येणार आहेत?"
"बेस्तरवारी बघू म्हनले. टँकरवर हाय सगळं."
ती गेल्यावर दार लावून चक्क रडलो.

१० मे
चिठ्ठी टेबलावर. घरात मी आणि ती. त्याला माहीत आहे मी काय करू शकतो, तरी पाठवली. की म्हणूनच पाठवली?
दुपारी उचलून खिडकीशी नेली. उजेडात शाईची सावली दिसते. एक शब्द लागत होता. 'क' होता बहुतेक. काकवी? कणीस? का—
परत ठेवली. वर सुधाची फुलदाणी ठेवली.

११ मे, बुधवार
सकाळी माझी चिठ्ठी उघडली. वासांना हात लावला नाही. खाली लिहिलं : त्या दिवशी तुझी चिठ्ठी मी आधी वाचली होती. मला वास येत नव्हता. सांगायची लाज वाटली.
चिठ्ठीत वासाशिवाय काही लिहायचं नाही, हाही दे.चाच नियम. मोडला. परत चार घड्या घालून त्याच्या चिठ्ठीशेजारी ठेवली.
पाण्यासाठी नळी लावून कुकर चढवलाय. स्वयंपाकाच्या मावशींना सांगितलं, उद्या दोघांचं करा, फोडणीत लसूण नको.
"कोण येणारंय?"
म्हटलं, टँकरवर आहे.