अळंबीचा पहिला घास

आई, तुझा चांदीचा रुपया खोटा होता. नाणं खरं होतं, परीक्षा खोटी. हे तुला तेव्हाही सांगितलं होतं आणि त्याच दिवशी गालावर पाच बोटं उमटवून घेतली होती. आता तू मारायला येणार नाहीस, म्हणून पुन्हा सांगते. शिजत्या अळंबीत रुपया टाकायचा, काळा पडला तर विषारी, लख्ख राहिला तर चांगली, हे तुला तुझ्या आईनं शिकवलं, तिला तिच्या आईनं. सात पिढ्यांनी सांगितलं म्हणून विषाला अक्कल येत नाही. कांदा टाकून बघणं, कोंबडी टोचते का ते बघणं, सगळं त्यातलंच.

इगतपुरीची रेल्वेची चाळ मला अजून दिसते. महायुद्ध सुरू व्हायला दोन-तीन पावसाळे आहेत. बाबा इंजिनशेडमध्ये खलाशी, म्हणजे मजूर, तुझं माहेर डोंगराकडचं. विजा कडाडून गेल्या आणि मध्येच ऊन पडलं की तुझा पाय घरात ठरत नाही. चाळीमागच्या माळावरून तू ओच्यात अळंबी भरून आणतेस, कांदा आणि काळा मसाला घालून शिजवतेस, आणि मग आपल्या घरातला तो नेम सुरू होतो. दुपारी तू एकटी नागलीच्या भाकरीबरोबर खायची, आम्ही भावंडांनी नुसता वास घेत बसायचं. दिवेलागणीपर्यंत तुला काही झालं नाही, तरच आम्हाला आणि बाबांना वाढायची. शेजारणी म्हणायच्या, बाई हावरट आहे, पोरांच्या आधी ताटावर बसते. तू हसायचीस. मीही बरेच दिवस तेच खरं धरून चालले होते.

मग एका श्रावणात तू कोंडवाड्याजवळच्या गवतातून पांढऱ्याशुभ्र छत्र्या आणल्यास. रुपया लख्ख राहिला. तू जेवलीस, भांडी घासायला बसलीस, आणि राख हातात असतानाच तुला ओकाऱ्या सुरू झाल्या. उलट्या, जुलाब, पोटात पिळवटून कळा. रेल्वेच्या दवाखान्यातला कंपाउंडर घरी येऊन मीठ-साखरेचं पाणी पाजायला सांगून गेला. दुसऱ्या दिवशी तू डोळे उघडलेस आणि पहिलं काय बोललीस आठवतं?

"पोरांनी नाय ना खाल्ली? बघ, म्हनून मी आधी खाते."

जशी काही पैज जिंकली होतीस! मला इतका संताप आला की तुझ्या तोंडाला लावलेला पेला मी तसाच खाली ठेवला. बाबा म्हणाले, "औंदा अळंबीच वंगाळ निघाली," आणि डबा घेऊन कामावर गेले. त्यांच्या ताटात ती संध्याकाळीच का येते, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. आणि काही विषं अशी असतात आई, की जी दुसऱ्या दिवशी चढतात. तेव्हा तुझी दिवेलागण काय कामाची होती? तुझ्यामागोमाग आम्ही सगळेच गेलो असतो.

टोपलीत एक छत्री उरली होती. मी ती उलटी केली. खालच्या पात्या हिरवट पडल्या होत्या, देठावर सैल कडं होतं. मग मी माळावरच्या वारुळाशी गेले, जिथली अळंबी तुला कधीच बाधली नव्हती. तिथली अळंबी वेगळी होती. छत्रीच्या मधोमध काळपट टोक, खाली पात्या पांढऱ्या, जुनी झाली की गुलाबीसर. देठाला कडं नाही, बुडाशी पिशवी नाही. विळ्यानं खणत गेले तर देठ मुळासारखा खोल वारुळात उतरलेला. ही खूण मला कोणी शिकवली नाही, तुझ्या ओकाऱ्यांनी शिकवली. तेव्हापासून मी अळंबी वरून मोडली नाही, मुळापासून काढली. जिच्यात एक जरी खूण कमी, ती जिथल्या तिथे ठेवली.

पुढच्या खेपेला मी चुलीसमोर आडवी उभी राहिले. "सगळी वारुळावरची आहे, मी खणून बघितलीय. आज सगळ्यांनी एकदम जेवायचं, नाहीतर कोणीच नाही. आणि तो रुपया खोटा आहे."

"लय शाणी झाली का तू? सर बाजूला. आधी मी."

मी पातेलं उचललं आणि मोरीत पालथं केलं. तू मारलंस ते त्यासाठी. अन्न सांडलं म्हणून चाळभर बोभाटा झाला, रात्री सगळ्यांनी मिरचीशी भाकरी खाल्ली, भाऊ आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. एका बाईच्या पोटावर घरानं आपली चव पारखून घ्यायची, हे मला मान्य नव्हतं. ती बाई स्वतः आनंदानं तयार होती, म्हणून तर मुळीच नव्हतं.

त्यानंतर तू टोपली माझ्यापुढे ठेवायला लागलीस. "बघ गं, कोनची टाकू?" रुपया पुन्हा डब्यात गेला, ताटं एकदम वाढली जाऊ लागली. मी जिंकले असं समजत होते. पण दुपारी शिजवताना तू पळी तोंडाला लावायचीस, आणि मी डोळे वटारले की म्हणायचीस, "मीठ बघते." एवढं कसलं मीठ बघायचीस, ते मला कळत होतं.

गेल्या आठवड्यात नातीला घेऊन मी इगतपुरीला गेले होते. तिनं वारुळावरची अळंबी मुळासकट खणून काढली, पात्या बघितल्या, बूड बघितलं. नाशिकला घरी आल्यावर मी पुन्हा एकेक हातात घेऊन पारखली. शंकेला जागाच नव्हती. "आजी, सगळ्यांनी एकदम जेवायचं ना?" तिनं विचारलं, कारण हा नियम तिला मीच घालून दिलाय. मी हो म्हटलं.

हा कागद फळीवरच्या डब्यांखाली अंथरून टाकणार आहे, तिथे तो कोणी वाचणार नाही. म्हणून तेवढं एक लिहून ठेवते. दुपारी नात अंघोळीला गेली, तेव्हा मी कढईशी उभी राहून चांगली वाटीभर अळंबी खाल्ली, आणि जेवण दिवेलागणीपर्यंत लांबवलं. मीठ बरोबर होतं, आई.